भीतीला प्रश्न पडतात तेव्हा

रिडली स्कॉट यांचा ‘प्रोमिथियस’ जून २०१२मध्ये प्रदर्शित झाला. १९७९मध्ये ‘एलियन’ आणि १९८२मध्ये ‘ब्लेड रनर’ देणारा दिग्दर्शक तीस वर्षांनी विज्ञानपटाकडे परतला होता. विषयही तेवढाच मोठा होता : माणसाला कुणी घडवले, कशासाठी घडवले आणि घडवणाराच त्याच्या मुळावर का उठला? जगभरात सुमारे ४० कोटी डॉलरची कमाई झाली, म्हणजे प्रेक्षक आला. पण चित्रपटगृहातून बाहेर पडताना त्याचे दोन तट पडले होते. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी चार तारे दिले. ‘एलियन’वर जीव असलेले कित्येक प्रेक्षक मात्र चिडून आणि हिरमुसून परतले. एक दशक उलटले तरी हा वाद मिटलेला नाही.

मला हा वाद महत्त्वाचा वाटतो. विज्ञानकथा आणि भयकथा यांना एकत्र आणणाऱ्या चित्रपटांची ताकद कशात असते, ते कुठे फसतात आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेमुळे त्यांची पुढची वाट कशी बदलते, हे सगळे त्यात सापडते.

‘प्रोमिथियस’वरचे आक्षेप मुख्यतः दोन होते. पहिला : चित्रपट प्रश्न विचारतो, उत्तरे देत नाही. आरंभी आइसलँडमधल्या डेटिफॉस धबधब्याच्या काठावर एक महाकाय, फिकट कातडीचा परग्रहवासी काळा द्रव पितो. त्याचे शरीर विरघळून पाण्यात मिसळते आणि त्यातून जीवसृष्टीची बीजे रुजतात. हा बळी कुणाच्या आज्ञेने? आणि याच ‘इंजिनिअर्स’नी पुढे पृथ्वीच्या संहाराची तयारी का केली? चित्रपट ते सांगत नाही. दुसरा आक्षेप : यातले शास्त्रज्ञ शास्त्रज्ञांसारखे वागत नाहीत. परक्या वास्तूतली हवा श्वासाला चालेल एवढे कळताच ते हेल्मेट काढतात. भुयारांचा नकाशा काढणारी यंत्रे ज्याच्या ताब्यात आहेत, तो भूगर्भशास्त्रज्ञच वाट चुकतो. मेलेला परग्रहवासी पाहून पळ काढणारा जीवशास्त्रज्ञ थोड्याच वेळात फणा उभारलेल्या जिवंत प्राण्याला गोंजारायला जातो.

दोन्ही आक्षेप सारख्याच तावातावाने मांडले गेले आणि पुढे त्यांची सरमिसळ झाली. माझ्या मते पहिला आक्षेप गैरलागू आहे आणि दुसरा पूर्णपणे रास्त.

पहिल्याचे कारण चित्रपटातच आहे. मायकेल फासबेंडरने साकारलेला यंत्रमानव डेव्हिड एका शास्त्रज्ञाला विचारतो, तुम्ही माणसांनी मला का घडवले? उत्तर मिळते, जमले म्हणून. डेव्हिड शांतपणे विचारतो, तुमच्या निर्मात्याने तुम्हाला हेच उत्तर दिले तर किती वाईट वाटेल? त्यानंतर त्याच माणसाच्या पेल्यात तो काळ्या द्रवाचा थेंब मिसळतो. निर्मात्यापाशी काही थोर हेतू असेलच असे नाही, हे चित्रपटाने इथे सांगून टाकले आहे. हे उत्तर प्रेक्षकाला मानवत नाही, आणि न मानवणे हाच त्याचा परिणाम आहे. पुढे एलिझाबेथ शॉ ही नायिका स्वतःच्या पोटात वाढणारा परका जीव यंत्राकडून काढून घेते. ते यंत्र पुरुषाच्या शरीरासाठी जुळवलेले असते, त्यामुळे तिला त्याला नाइलाजाने वेगळ्या आज्ञा द्याव्या लागतात. निर्मात्याला भेटायला निघालेल्या बाईच्या शरीरातच निर्मितीचा अत्याचार घडतो. या दृश्यात विचार आणि भय एकजीव झाले आहेत. अशी दृश्ये या प्रकारात फार थोडी आहेत.

दुसरा आक्षेप रास्त का, हे समजण्यासाठी ‘एलियन’कडे जावे लागते. तिथे एका सहकाऱ्याच्या चेहऱ्याला परका जीव चिकटलेला असतो आणि नायिका रिप्ली नियमावर बोट ठेवून यानाचे दार उघडायला नकार देते. दार उघडतो तो यानावरचा विज्ञान अधिकारी ॲश. ते का, याचे कारण पुढे कळते : तो माणूस नसून यंत्र आहे आणि कंपनीने त्याला तो जीव आणायला सांगितले आहे. म्हणजे चूक घडते, पण तिला कारण असते, आणि त्या कारणातून आणखी मोठी भीती जन्मते. भयपटात पात्र शहाणपणाने वागले तरच त्याचा मृत्यू प्रेक्षकाला हादरवतो. आपण तिथे असतो तरी वाचलो नसतो, ही जाणीव भयाचा गाभा आहे. पात्र आपल्यापेक्षा मूर्ख ठरले की प्रेक्षक सुरक्षित होतो. विज्ञानपटात तर हे दुप्पट लागू होते, कारण तिथली पात्रे तर्काच्या बळावर उभी असतात. ‘प्रोमिथियस’च्या पटकथेने मोठ्या प्रश्नाची काळजी घेतली आणि छोट्या कृतीची घेतली नाही. ज्या प्रेक्षकाला हे खटकले, त्याची जाण चोख होती.

याच कसोटीवर जॉन कारपेंटर यांचा ‘द थिंग’ आजही अव्वल ठरतो. अंटार्क्टिकातल्या तळावर १२ माणसे आहेत आणि कुणाचेही हुबेहूब रूप घेणारा जीव त्यांच्यात शिरला आहे. ही माणसे घाबरतात, पण विचार करणे सोडत नाहीत. जीवशास्त्रज्ञ संसर्गाचा हिशेब मांडतो आणि कुणी बाहेर पडू नये म्हणून हेलिकॉप्टर आणि रेडिओ फोडून टाकतो. नायक मॅकरेडी प्रत्येकाचे रक्त काढून त्यात तापवलेली तार बुडवतो, कारण त्या जीवाचा प्रत्येक थेंब स्वतंत्रपणे जीव वाचवू पाहील असा त्याचा तर्क असतो. तो प्रयोग पाहताना प्रेक्षकही मनात आडाखे बांधत असतो. त्या क्षणी विज्ञानाची रीतच भयाचे साधन झालेली असते.

आणि हाच चित्रपट २५ जून १९८२ रोजी आला तेव्हा आपटला. दीड कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाने अमेरिकेत दोन कोटींचाही टप्पा गाठला नाही. दोनच आठवड्यांपूर्वी त्याच युनिव्हर्सल स्टुडिओचा ‘ई.टी.’ आला होता. परग्रहवासी हा मुलांचा मित्र असतो, असे त्या उन्हाळ्यात सगळ्या अमेरिकेने मनोमन ठरवले होते. रॉब बॉटिन यांनी रबर, रसायने आणि यंत्रे वापरून घडवलेली शरीराची रूपांतरे समीक्षकांना निव्वळ किळसवाणी वाटली. एन्निओ मोरिकोने यांच्या संगीताला वर्षातल्या सर्वांत वाईट कामांची टर उडवणाऱ्या ‘रॅझी’ पुरस्काराचे नामांकन मिळाले. पुढे याच चित्रपटासाठी केलेले पण वापरले न गेलेले त्यांचे काही तुकडे ‘द हेटफुल एट’मध्ये आले आणि त्या चित्रपटाच्या संगीताने ऑस्कर मिळवले. व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीवरून ‘द थिंग’ नव्या पिढीकडे पोचला आणि आज तो या प्रकारातला मानदंड मानला जातो.

यावरून ‘प्रेक्षकाला मोठे काही झेपत नाही’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. डेव्हिड क्रोनेनबर्ग यांचा ‘द फ्लाय’ १९८६मध्ये आला आणि लगेच चालला. माणूस आणि माशी यांची जनुके मिसळल्यावर शास्त्रज्ञाचे शरीर हळूहळू झडत जाते आणि त्याची प्रेयसी ते पाहत राहते. किळस तिथेही कमी नव्हती. पण त्या किळशीला एका नात्याचा आधार होता. असाध्य आजार झालेल्या माणसाच्या घरच्यांनी जे पाहिलेले असते, तेच पडद्यावर होते. अगदी अलीकडे, २०२४मध्ये, कोराली फार्जा यांच्या ‘द सब्स्टन्स’ने हेच पुन्हा सिद्ध केले. वय झालेल्या अभिनेत्रीच्या शरीरातून तरुण प्रतिरूप बाहेर पडते आणि दोघींना सात-सात दिवस वाटून जगावे लागते. नियम सुरुवातीलाच स्पष्ट सांगितला जातो, तो मोडण्याची कारणे मानवी असतात आणि शिक्षा शरीरावर उमटते. हा चित्रपट कान महोत्सवात सर्वोत्तम पटकथेचा पुरस्कार घेऊन गेला आणि रंगभूषा-केशभूषेचे ऑस्करही त्याला मिळाले. विचार जेव्हा शरीरातून पोचतो, तेव्हा प्रेक्षक तो नाकारत नाही.

मग अडचण कुठे आहे? मला ती प्रतिक्रिया मोजण्याच्या पद्धतीत दिसते. अमेरिकेत सिनेमास्कोर ही संस्था प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांकडून श्रेणी गोळा करते. ‘प्रोमिथियस’ला ‘बी’ मिळाली, ॲलेक्स गारलंड यांच्या ‘ॲनायहिलेशन’ला ‘सी’, तर ‘इव्हेंट होरायझन’ला ‘डी प्लस’. भय शरीराला तिथल्या तिथे कळते. विज्ञानकथेतला विचार दुसऱ्या दिवशी, कधी दुसऱ्या वर्षी उलगडतो. दारातच घेतलेला कौल त्यातला पहिला भाग नेमका पकडतो आणि दुसरा गमावतो. हा कौल खोटा नाही, पण तो अर्धा आहे.

अर्ध्या कौलावर पूर्ण निर्णय घेतले की काय होते, याची उदाहरणे दुःखद आहेत. १९९७च्या ‘इव्हेंट होरायझन’ची चाचणी प्रदर्शने वाईट गेली, तो घाईने कापला गेला आणि काढलेला भाग नीट जपलाही गेला नाही. आज तो चित्रपट पुन्हा पाहू इच्छिणारे चाहते आहेत, पण मूळ आवृत्ती उभी करायला चित्रफीतच उरलेली नाही. २०१८च्या ‘ॲनायहिलेशन’बाबत चाचणी प्रदर्शनानंतर तो फार बौद्धिक असल्याची भीती पैसे घालणाऱ्यांना वाटली. निर्माते स्कॉट रूडिन यांनी शेवट बदलू दिला नाही, हे चांगले झाले. पण अमेरिका, कॅनडा आणि चीन वगळता बाकी जगाचे हक्क नेटफ्लिक्सला देऊन टाकले गेले. मेलेल्या मैत्रिणीच्या आवाजात ओरडणारे ते अस्वल, दीपगृहातली ती नायिकेची नक्कल करणारी आकृती, त्यामागचा तो घुमणारा ध्वनी हे सारे भारतीय प्रेक्षकाने मोबाइलवर किंवा घरच्या टीव्हीवर पाहिले. मोठ्या पडद्यासाठी रचलेली कलाकृती आपल्याला त्या पडद्यावर मिळालीच नाही.

‘प्रोमिथियस’च्या बाबतीत परिणाम आणखी खोल गेला. प्रेक्षक नाराज आहेत एवढेच ऐकू आले. कशाने, हे ऐकले गेले नाही. २०१७च्या ‘एलियन : कव्हनंट’मध्ये जुना परिचित राक्षस परत आणला, एलिझाबेथ शॉला पडद्याआडच मारून टाकले आणि इंजिनिअर्सचा प्रश्न एका छोट्या पूर्वदृश्यात निकालात काढला. गैरलागू आक्षेप मान्य झाला. रास्त आक्षेप मात्र तसाच राहिला, कारण इथेही माणसे अनोळखी ग्रहावर हेल्मेटशिवाय उतरतात. कमाई सुमारे २४ कोटी डॉलरवर आली. २०२४चा ‘एलियन : रोम्युलस’ कुशल आहे, गच्च बांधलेला आहे आणि चाललाही. पण त्यात ‘एलियन’मधला ॲश साकारणाऱ्या दिवंगत इयान होम यांचा चेहरा संगणकाच्या मदतीने उभा केला आहे आणि जुने संवाद पुन्हा ऐकवले आहेत. ‘प्रोमिथियस’ची चूक टाळताना त्याचे धाडसही टाळले गेले, आणि हा तोटा मला मोठा वाटतो.

आपल्याकडे विज्ञान आणि भय हे दोन प्रवाह वेगवेगळे समृद्ध आहेत. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आणि नारायण धारपांच्या भयकथा वाचून मराठी वाचकांच्या पिढ्या घडल्या. या दोन्हींना एकत्र आणणारा मोठा चित्रपट अजून झालेला नाही. पण प्रेक्षक तयार नाही, ही सबब आता चालणार नाही. धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतलेला राही बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा विज्ञानपट नव्हे, मात्र प्रेक्षकाच्या तयारीबद्दल तो बरेच सांगतो. २०१८मध्ये जेमतेम चाललेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि त्याने मूळ प्रदर्शनापेक्षा जास्त कमाई केली.

म्हणून दिग्दर्शकांकडे मागणे आहे की प्रश्न कितीही मोठा विचारा, पण पात्रांच्या प्रत्येक कृतीला कारण द्या. समीक्षकांनी पहिल्या आठवड्यातल्या निकालाकडे काही वर्षांनी पुन्हा वळून पाहण्याची शिस्त लावून घ्यावी. प्रेक्षकाची जबाबदारी त्याहून मोठी आहे. एखादा महत्त्वाकांक्षी चित्रपट आवडला नाही, तर तो कुठे तुटला हे नेमके सांगा. ‘उत्तर मिळाले नाही’ आणि ‘विश्वास बसला नाही’ या तक्रारी वेगळ्या ठेवा, कारण स्टुडिओ तुमच्या नाराजीवरूनच पुढचा चित्रपट ठरवतो. ‘प्रोमिथियस’ सदोष आहे, तरीही निर्दोष आणि भित्र्या चित्रपटांपेक्षा तो मला मोलाचा वाटतो. तो एकदा पाहून नाकारला असेल, तर पुन्हा एकदा पाहा.