पगार होतो, नवस फिटतो

‘पगार’ हे मुळात नाम नव्हे, क्रियापद. पोर्तुगीजात ‘पगार’ म्हणजे पैसे देणं. स्पॅनिश, गॅलिशियन, कातालान या भाषांतही ते याच रूपात नांदतं. सगळ्यांचं मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणं. हातावर पैसे पडले की घेणेकरी शांत होतो, एवढ्या वाटेने अर्थ सरकला. पोर्तुगीज उच्चारात आघात शेवटच्या अक्षरावर येतो. मराठीने नेमका तिथला ‘गा’ लांबवला. कान तयार होता म्हणायचा!

खरी गंमत व्याकरणात आहे. क्रियापद उचललं, पण आपण ते चालवलं नाही. त्याचं नाम केलं आणि दिमतीला घरची क्रियापदं दिली. पगार होतो, थकतो, कापला जातो, पुरत नाही. ‘पगार झाला का?’ या प्रश्नात देणारा मालक कुठेच नाही. पाऊस झाला, तसा पगार झाला.

नाशिककडच्या वणीच्या शिवारात हा शब्द सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. द्राक्षबागेत छाटणीला, विरळणीला सुरगाणा-पेठकडून आलेल्या माणसांना मिळते ती मजुरी, नाहीतर रोज. काम ठरवून अंगावर घेतलं तर उक्तं. पगार मास्तरांचा, बँकेतल्या साहेबांचा. स्थळ बघताना ‘मुलगा पगारी आहे ना?’ हे विचारतात ते उगाच नव्हे.

वर सप्तशृंगगडावर तर या शब्दाला थाराच नाही. चैत्रात खानदेशातून पायी आलेला भाविक देवीचा नवस ‘फेडतो’. पोर्तुगीज भाषिक मात्र नवसालाही ‘पगार’च लावतो. १९६२ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवलेल्या ब्राझीलच्या चित्रपटाचं नावच मुळी ‘नवस फेडणारा’, आणि त्यातलं ‘फेडणारा’ हे ‘पगार’वरूनच आलेलं. मजुराचं देणं आणि देवाचं देणं तिथे एकाच क्रियापदात मावतं.

आपल्याला ते क्रियापद लागलं नाही, कारण ‘भागवणं’ घरात होतं. तहान भागवायची, देणंही भागवायचं. शांतवण्यापासून चुकतं करण्यापर्यंतचा लॅटिनचा सगळा प्रवास या एका शब्दात आहे, आणि मला तो जास्त रसाळ वाटतो.

पगाराचं सरकारी नाव ‘वेतन’; ते आयोगाच्या अहवालात आणि वेतनश्रेणीत राहिलं. चिठ्ठीवर वेतन छापलेलं असलं, तरी महिनाअखेरीला बँकेच्या खिडकीशी माणूस विचारतो, ‘पगार जमा झाला का?’