कॅलरीची कीर्द

तेच अकरा किलो मी दोनदा कमी केले आहेत. पहिल्यांदा सात महिने लागले, दुसऱ्यांदा नऊ. दोन्ही वेळा फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये घास न् घास लिहीत होते, आणि दोन्ही वेळा लिहिणं थांबल्यावर वर्षभरात वजन परत आलं. तिसऱ्यांदा सुरुवात करायची म्हटल्यावर मी ठरवलं, की आधी काही दिवस काहीच लिहायचं नाही, नुसतं वाचायचं. एक म्हणजे माझ्याच जुन्या नोंदी. दुसरं म्हणजे, सामान्य माणसाला ही सवय लावणारं पुस्तक. मोजावं की नाही हा माझा प्रश्न नव्हता. कुठल्या पद्धतीनं मोजलं तर ते टिकेल, एवढंच मला हवं होतं.

पुस्तकाचं नाव 'डाएट अँड हेल्थ, विथ की टू द कॅलरीज'. लेखिका लुलू हंट पीटर्स, लॉस एंजेलिसमधली डॉक्टर. साल १९१८. पुढच्या दशकात अमेरिकेत या पुस्तकाचा तुफान खप झाला. आज ते इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं आणि एका बैठकीत वाचून होतं, कारण बाईंचा सूर आरोग्यपुस्तिकेचा नाही. त्या गप्पा मारतात, वाचकाला चिमटे काढतात, आणि सगळ्यात जास्त हसतात ते स्वतःला. त्यांचं स्वतःचं वजन एके काळी दोनशे पौंडांच्या वर होतं आणि त्यांनी सत्तर पौंड उतरवले होते. चित्रं काढली आहेत त्यांच्या दहा वर्षांच्या भाच्यानं, काडीच्या माणसांची. 'कॅलरी' या शब्दाचा उच्चारसुद्धा त्या शिकवतात, कारण सामान्य वाचकाच्या तो फारसा ओळखीचा नव्हता.

आणि मग त्या वाचकाची भाषाच बदलायला निघतात. यापुढं पावाचा तुकडा म्हणायचं नाही, शंभर कॅलरी पाव म्हणायचं. साध्या गमतीसारखी वाटणारी ही सूचना पुस्तकाचा कणा आहे. पाव, लोणी, सफरचंद, मटण या एकमेकांशी संबंध नसलेल्या वस्तूंना त्या एकाच नाण्यात आणतात. त्यासाठी त्यांनी वापरलेली युक्ती तर आजच्या अ‍ॅपवाल्यांनाही सुचलेली नाही: कुठला पदार्थ किती खाल्ला की शंभर कॅलरी होतात, याची यादी. म्हणजे वाचकानं ४३७ आणि २८६ची बेरीज करायची नाही. शंभराचे बारा वाटे मोजायचे आणि थांबायचं.

पुस्तकाचा दुबळा भागही याच नाण्यातून येतो. आदर्श वजनाचं त्यांचं सूत्र पाहा: पाच फूट उंचीला ११० पौंड, आणि वरच्या प्रत्येक इंचाला साडेपाच. बाई असो की बाप्या, हाडापेरानं कशीही असो, सूत्र एकच. शिवाय ते पहिल्या महायुद्धाचं वर्ष. अन्न वाचवा, अशी सरकारी मोहीम चालू होती. पीटर्सबाई लठ्ठपणाला थेट साठेबाजीच्या रांगेत बसवतात, आणि कैसरविरोधी 'वजन सांभाळा' वर्ग भरवायला सांगतात. बोलणं हसत हसत, पण आकड्याला लाज चिकटते ती इथं. एकदा चिकटलेली लाज पुढं शंभर वर्षं सुटलेली नाही. माझ्या अ‍ॅपमध्ये मर्यादा ओलांडली की आकडा लाल व्हायचा. तो लाल रंग या पुस्तकाचाच नातू.

बाई एका बाबतीत मात्र पुरत्या प्रामाणिक आहेत. वजन उतरलं म्हणजे सुटलो, असं त्या कुठंही म्हणत नाहीत. हे आयुष्यभर करावं लागेल, आणि जगण्याजोग्या इतर गोष्टीही आपण आयुष्यभर करतच असतो, असा त्यांचा सांगावा आहे. माझ्या दोन्ही वेळच्या प्रयत्नांत नेमकं हेच पान गळालेलं होतं.

त्या सांगत नाहीत ती गोष्ट म्हणजे हा आकडा किती कच्चा आहे. यादीमागचं मूळ काम विल्बर अ‍ॅटवॉटर यांचं. कनेटिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात त्यांनी बंद खोलीत माणसाला काही दिवस ठेवून त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता मोजली. त्यातून आणि अन्नाच्या तपासण्यांतून आले ते आजही चालणारे ढोबळ गुणक: एक ग्रॅम कर्बोदकाला ४, प्रथिनाला ४, चरबीला ९. ही सरासरी आहे. बदामाचं उदाहरण घ्या. या हिशेबानं २८ ग्रॅम बदामांत १७० कॅलरी असायला हव्यात. अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली माणसांना बदाम खायला घालून मोजलं, तर शरीराला मिळाल्या १२९च. बाकीच्या न पचता बाहेर. पाकिटावरच्या आकड्याचंही तेच. अमेरिकी नियमात छापल्यापेक्षा २० टक्के जास्त कॅलरी निघाल्या तरी चालतं.

ही झाली पाकीटबंद वस्तूंची कथा. घरच्या अन्नाला तर तेवढाही आधार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते चांगले आहेत, पण ते मुख्यतः कच्च्या अन्नाचे. त्यात शेंगदाणा सापडतो; आमच्या घरची खिचडी कशी सापडेल? अ‍ॅपमध्ये 'साबुदाणा खिचडी, १ वाटी' असं शोधलं की मला पाच-सहा उत्तरं मिळायची. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं यांत जवळपास दुपटीचा फरक. मी कुठलं निवडायचे हे सांगायला नकोच.

म्हणजे आपण या वाङ्मयप्रकाराच्या दुसऱ्या लेखकाकडे आलो. यादीचा लेखक चुकतो ती चूक शास्त्राची. नोंद करणारा चुकतो ती माणसाची, आणि ती फार मोठी. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९९२ साली एक अभ्यास आला होता. कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही, अशी तक्रार असलेली ती माणसं. त्यांनी प्रत्यक्ष खाल्ल्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाणं सांगितलं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ते खोटारडे होते असं मला वाटत नाही. माझ्या नोंदीत ओट्याशी उभ्यानं खाल्लेलं काहीच नाही. मुलाच्या ताटातला उरलेला पराठा नाही. चहा आहे, पण त्यातली साखर नाही. दिवसाचे चार कप, कपाला दोन चमचे, चमच्याला वीस कॅलरी. एकशे साठ रोज गायब.

त्याहून बोलकी होती ती मधली कोरी पानं. पहिली नोंद थांबली आहे गौरीजेवणाच्या आदल्या दिवशी. दुसरी एका लग्नाच्या आदल्या दिवशी. सणाचा दिवस लिहिता येत नव्हता, कारण तिथलं काहीच वजनकाट्यावर ठेवता येत नव्हतं. आणि एक दिवस राहिला की दुसऱ्या दिवशी उघडायची लाज वाटायची. अ‍ॅपचा घाट तसाच आहे. रोज रात्री बारा वाजता सगळं शून्य होतं आणि उद्याच्या दिवसाला कालची आठवण राहत नाही. प्रत्येक दिवस वेगळा निकाल, पास किंवा नापास.

एका दिवसाच्या कॅलरींवरून माणसाचा निकाल लावता येतो का, या प्रश्नावर आपल्याकडे पुण्यात मोठा वाद झालेला आहे. फक्त तो जाडेपणावर नव्हता, भुकेवर होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 'पॉव्हर्टी इन इंडिया' या १९७१च्या ग्रंथात दारिद्र्याची रेघ आखताना माणशी रोज २२५० कॅलरींचा आधार घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत अनेक वर्षं काढून पुण्यात परतलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप सरासरीच्या अशा वापराला होता. ते म्हणत, एकाच निरोगी माणसाचं खाणं आणि खर्चणं रोज, आठवड्यागणिक वरखाली होतं, आणि शरीर ठरावीक मर्यादेत ते सांभाळून घेतं. म्हणून कुणी सरासरीच्या खाली आहे एवढ्यावरून तो कुपोषित म्हणता येत नाही. दांडेकरांनी हे मान्य केलं नाही. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दोघांनी एकमेकांना उत्तरं दिली.

गरिबाच्या बाबतीत मला सुखात्म्यांचा युक्तिवाद धोक्याचा वाटतो. ज्याला निवडच नाही, त्याचं शरीर जुळवून घेतं असं म्हणणं फार सोयीचं आहे. पण भरल्या ताटावर बसून मोजणाऱ्या माझ्यासारखीला त्यातला संख्याशास्त्राचा भाग थेट लागू पडतो. एका दिवसाचा आकडा रेघेच्या वर गेला की खाली राहिला, याला फारसा अर्थ नाही. पंधरा दिवसांच्या सरासरीला आहे.

मग कच्च्या आकड्यांचं काय करायचं? याचं उत्तर मला आईनं दिलं, न कळत. खिचडीत तेल किती घालतेस, असं फोनवर विचारलं तर म्हणाली, "अगं, अंदाजानं." पुढच्या खेपेला घरी गेले तेव्हा तिनं कढईत ओतायला घेतलेलं पळीभर तेल मी तीनदा काट्यावर ठेवलं. तीन वेळांत एका ग्रॅमचा फरक. चाळीस वर्षांचा अंदाज हे पक्कं माप असतं.

चूक रोज तीच असेल तर चालते. समजा माझ्या वहीतली पोळी ८० कॅलरींची आहे आणि खरी ११०ची. वही म्हणते मी रोज सरासरी १६०० खाते, आणि तीन आठवडे वजन हललेलं नाही. मग माझ्या वहीच्या भाषेत १६०० म्हणजे जैसे थे. खरा आकडा काही का असेना. इथून ३०० कमी केले की वजन उतरायला लागायला हवं. खाण्याची जातच बदलली, घरचं सुटून हॉटेलचं सुरू झालं, तर चूकही बदलते आणि पुन्हा तीन आठवडे द्यावे लागतात. वजन उतरल्यावरही आकडा शिळा होतो, कारण हलकं शरीर कमी खर्च करतं. घाईनं उतरवलेलं तर फारच कमी. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूजर' या कार्यक्रमातल्या चौदा स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी वापरत होतं.

हे धरून मी पद्धती पुन्हा तपासल्या. काटा आणि अ‍ॅप ही सगळ्यात काटेकोर, पण मला ती शाळेसारखी वाटते: तेलाचा चमचा ४५ कॅलरींचा असतो हे तीन-चार आठवड्यांत कळतं, मग रोज वर्गात बसायची गरज नाही. फोटो काढणं सोपं, पण फोटोत तेल दिसत नाही. महाराष्ट्रात गाजलेली डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत कॅलरी मोजतच नाही. ती फक्त जेवणं मोजते, दोन. तिच्या लोकप्रियतेचं मर्म मला तिथंच दिसतं, हिशेब लहान मुलालाही ठेवता येतो. मला मात्र दुपारच्या चहाशिवाय जमत नाही, म्हणून ती माझी नव्हे. ज्यांना खाण्याच्या विकाराचा त्रास होऊन गेला आहे, त्यांनी कुठलीच मोजणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हाती धरू नये.

अभ्यासही तपशिलापेक्षा सातत्याकडेच बोट दाखवतात. २००८च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आठवड्यातून सहा-सात दिवस खाणं लिहिणाऱ्यांचं वजन न लिहिणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट उतरलं. २०१९च्या आणखी एका अभ्यासात लिहिण्याला लागणारा वेळ पहिल्या महिन्यात रोज २३ मिनिटं होता, सहाव्या महिन्यात पंधराच्या आत आला, आणि फरक पडला तो किती वेळ लिहिलं यापेक्षा किती वेळा लिहिलं यानं.

आमचे आजोबा दुकानात दोन वह्या ठेवत. कीर्दीत दिवसाचे व्यवहार घडले तसे. खतावणीत तेच व्यवहार खात्यांवार, म्हणजे पैसा कुठं जातो ते कळावं. अ‍ॅपनं मला दोन्ही वेळा फक्त कीर्द लिहायला लावली. आता साधी रेघांची वही घेतली आहे. पीटर्सबाईंचा शंभराचा वाटा उचलला, त्यांची लाज आणि त्यांचं वजनाचं सूत्र सोडून दिलं. एक पळी तेल म्हणजे दीड वाटा, पोळी एक वाटा, आईच्या वाटीनं खिचडी चार. चूक असेल, पण रोज तीच असेल. रविवारी दहा मिनिटं खतावणी: तेल-तूप, साखर, धान्य, बाहेरचं. पहिल्याच महिन्यात कळलं की माझं वजन पोळीत नाही, चहात आणि तेलात आहे.

पाच महिन्यांत चार किलो उतरले आहेत. आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा हळू. यंदाच्या गौरीजेवणाच्या पानावर एवढंच लिहिलं आहे: 'मोजलं नाही. पोटभर. पुरणपोळ्या तीन.' त्याच्या पुढचं पान दुसऱ्याच दिवसाचं आहे. दोन पोळ्या, मुगाची उसळ, ताक, चहा दोन कप, साखर चार चमचे.