अडकित्ता आणि काचेचें कपाट

संग्राहकाविषयीं आपल्याकडे दोन मतें रूढ आहेत. एका मताप्रमाणें तो लोभी होय. कृपण नाणें पुरून ठेवतो आणि हा मांडून ठेवतो, इतकाच काय तो फरक. दुसऱ्या मताप्रमाणें तो दुःखी असतो आणि आयुष्यांत जें हरवलें त्याची भरपाई वस्तूंनीं करूं पाहतो. पुण्याच्या शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहतांना ह्या दोन्ही मतांचा अपुरेपणा जाणवतो.

पहिल्या मताचा निकाल लवकर लागतो. ‘अज्ञातवासी’ ह्या नांवानें कविता लिहिणारे दिनकर केळकर (१८९६–१९९०) १९२० च्या सुमारास वस्तू जमवूं लागले आणि १९६२ सालीं त्यांनीं तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. लोभी मनुष्य चाळीस वर्षें जमवील, पण देणार नाहीं.

दुसरें मत अधिक मोहक आहे. संग्रहाला नांव मिळालें तें लहानपणींच वारलेल्या एकुलत्या एका मुलाचें, राजाचें. शिवाय फ्रॉइडचा दाखला हाताशीं असतोच. १८९६ सालीं त्याचे वडील वारले, त्यानंतर तो प्राचीन मूर्ति जमवूं लागला, आणि १९३८ सालीं व्हिएन्ना सोडून लंडनला गेला तेव्हां दोन हजारांवर वस्तू त्याच्या संग्रहीं होत्या. मनुष्य कां जमवितो ह्याचें उत्तर शोक कदाचित् देईल. तो अमुकच कां जमवितो, ह्याचें उत्तर मात्र शोकापाशीं नाहीं. फ्रॉइडनें मिसर, ग्रीस व रोम येथील देवदेवता घेतल्या. केळकरांनीं अडकित्ते घेतले!

अडकित्ता ही वस्तु तशी क्षुद्र. सुपारी कातरण्यास एक धारदार पातें व त्याखालीं एक आधार, एवढें पुरे आहे. पण कारागिराला तें पुरेसें वाटलें नाहीं. त्यानें त्याचा घोडा केला, पोपट केला, आलिंगन देणारें युगुल केलें. वजरी त्याहूनही क्षुद्र, कारण ती टाचा घासण्याची. तरी तिच्याही मुठीवर पक्षी येऊन बसला. दौती, फण्या, करंडे, समया, लामणदिवे ह्या सर्वांची हीच कथा. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून दप्तरांना आपल्याकडे योग्य तो मान मिळूं लागला. त्या दप्तरांत स्वाऱ्या आहेत, तह आहेत, कर्जाचीं रडगाणीं आहेत. टाच घासणारी बाई त्यांत नाहीं. ती केळकरांच्या कपाटांत आहे. पत्नी कमलाबाई ह्या कार्यांत त्यांच्या सोबत होत्या, हें येथें आठवतें. माजघरांतील वस्तु माजघराबाहेर येण्यास बहुधा स्त्रीचीच मध्यस्थी लागते, असा माझा तर्क आहे.

आतां आक्षेप. काचेआड गेलेला दिवा पेटत नाहीं, संग्रहालय म्हणजे वस्तूंचें स्मशान, असें पुष्कळदां म्हटलें जातें. हा आक्षेप मला पोकळ वाटतो. जुनें तांबें-पितळ आपल्या घरांतून मोडीच्या भावानें वजनावर विकलें जात आलें आहे. ह्या वस्तूंपुढें देवघर कीं कपाट असा प्रश्न नव्हता. मूस कीं कपाट असा होता.

खरा आक्षेप निराळा आहे, आणि तो स्लोनच्या उदाहरणावरून कळतो. सर हॅन्स स्लोन ह्या लंडनच्या वैद्यानें सुमारें ७१,००० वस्तू जमविल्या. १७५३ सालीं तो वारल्यावर, त्याच्या मृत्युपत्रास अनुसरून, २०,००० पौंड वारसांस देऊन राष्ट्रानें त्या घेतल्या आणि १७५९ सालीं ब्रिटिश म्युझियम लोकांस खुलें झालें. स्लोनच्या हस्तलिखित याद्या प्रसिद्ध आहेत. पण त्याच्या धनाचा एक वांटा जमैकांतील उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या घामाचा होता. त्याचा अर्धपुतळा जागेवरून हलवून ही गोष्ट त्याच्याजवळ स्पष्ट मांडण्यास २०२० साल उजाडावें लागलें. वस्तु कोठून आली हें लिहिणें एक आणि ती कोणाच्या कोणत्या स्थितींतून आली हें लिहिणें दुसरें.

आपल्याकडील गोष्ट इतकी क्रूर नव्हे, पण प्रश्न तोच आहे. पानदान विकणारें घर तें हौसेनें विकीत नाहीं. विकावें लागलें हें घर सांगत नाहीं, आणि संग्राहकही सभ्यपणें विचारीत नाहीं. मग वस्तु वांचते आणि तिचें घर पुसलें जातें.

केळकर संग्रहांत वीस हजारांवर वस्तू आहेत. त्यांपैकीं सुमारें अडीच हजारच मांडलेल्या असतात. कोथरूडहून आणून पुन्हां उभारलेला मस्तानीमहाल त्यांत साहजिकच डोळ्यांत भरतो. मला तो सर्वांत कमी बोलका वाटला, कारण मस्तानीची कथा आपण घरूनच बरोबर घेऊन जातों. वजरीची कथा कोणीच बरोबर नेत नाहीं. ती हातांत कशी धरीत, न्हाणीघरांत कोठें ठेवीत, लेकीला सासरीं देत कीं काय, हें ठाऊक असणाऱ्या आज्या अजून कांहीं घरांत आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जाण्याचें काम कपाटें बांधण्याहून स्वस्त आहे, आणि त्याला वेळ मात्र फार थोडा उरला आहे.