कोऱ्या पडद्याचे गृहीतक

हॉग बे सॉफ्टवेअरने २००६ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी ‘राइटरूम’ ही लेखनप्रणाली प्रसिद्ध केली. तिचा सारा विशेष तिने काय वगळले यात होता. टाइपांची यादी, चित्रखुणांच्या पट्ट्या, इतर कामांच्या खिडक्या हे सर्व दूर सारून काळ्या पडद्यावरील हिरवी अक्षरे तेवढी तिने शिल्लक ठेवली. २०१० मध्ये आयपॅडसाठी आलेल्या ‘आयए रायटर’ने पुढचे पाऊल टाकले. चालू वाक्य ठळक ठेवून बाकीचा मजकूर फिकट करण्याची सोय तिने दिली. अशा प्रणालींचा विचार सहसा उपयुक्ततेच्या अंगाने होतो. वास्तविक त्या लेखनप्रक्रियेविषयीचा एक सिद्धान्तच गृहीत धरतात, आणि म्हणून समीक्षेनेही त्यांची दखल घ्यायला हवी.

या सिद्धान्ताचे मर्म ‘व्यत्यय’ या संकल्पनेत आहे. व्यत्यय दोन प्रकारचे असतात. पहिला लेखनाबाहेरचा : निरोप, पत्र, बातमी, फोनची घंटी. दुसरा लेखनाच्या आतला : खटकलेला शब्द, आधीच्या परिच्छेदाने पुढच्या वाक्याला घातलेला अडसर, मागे जाऊन पाहण्याची ओढ. पहिल्याचा बंदोबस्त करण्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु फिकट केला जाणारा मजकूर हा बाहेरचा निरोप नव्हे. तो लेखकाने स्वतःच लिहिलेला असतो. त्यालाही व्यत्ययाच्या वर्गात ढकलणे म्हणजे लेखन हे एका वाक्यापुढे दुसरे वाक्य ठेवण्याचे कार्य आहे असे मानणे होय. संहितेतील वाक्याचा अर्थ इतर वाक्यांशी असलेल्या त्याच्या संबंधांतून सिद्ध होतो, हे येथे नजरेआड होते.

हे गृहीतक टोकाला गेलेले दिसते ते ‘फ्रीराइट’ या यंत्रात. २०१४ मध्ये ते जाहीर झाले तेव्हा त्याचे नाव ‘हेमिंगराइट’ होते. २०१६ मध्ये ते नव्या नावाने ग्राहकांच्या हाती आले. कळफलक आणि लहानसा ई-इंक पडदा एवढाच त्याचा संसार. मूळ यंत्रात मजकुरातून मागेपुढे नेणाऱ्या बाणांच्या कळा नव्हत्या. मागचा शब्द बदलायचा तर मधले सारे पुसत जावे लागे. योजना उघड आहे : आधी लिहीत सुटावे, दुरुस्ती नंतर अन्यत्र करावी. मात्र ज्या लेखकाच्या नावाचा आधार घेतला गेला त्याचा व्यवहार नेमका उलट होता. ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ (१९२९) या कादंबरीचा शेवट आपण ३९ वेळा लिहिला, असे अर्नेस्ट हेमिंग्वेने ‘पॅरिस रिव्ह्यू’ने १९५८ मध्ये छापलेल्या मुलाखतीत सांगितले होते. २०१२ च्या आवृत्तीत तर ४७ पर्यायी शेवट छापले गेले. हे पर्याय वाचकापर्यंत पोहोचू शकले, कारण कागदावरची खोडलेली ओळ नाकारलेली असते, नाहीशी झालेली नसते. पुसण्याची कळ या दोहोंतील भेदच मिटवते. मसुदे जपण्याची वेगळी व्यवस्था नसेल, तर निर्मितिप्रक्रियेचा शोध घेणाऱ्या समीक्षेच्या हाती काहीच उरत नाही.

याचा अर्थ साधा पडदा दोषास्पद असतो असा नव्हे. डॉसच्या काळातील ‘वर्डस्टार’चा पडदाही आजच्या मानाने उघडाबोडकाच होता. कॅनडातील विज्ञानकथाकार रॉबर्ट जे. सॉयर यांनी १९९० च्या दशकात वर्डस्टारची बाजू मांडताना एक मार्मिक भेद केला : काही प्रणाली टंकयंत्राच्या प्रतिमेवर बेतलेल्या असतात, तर वर्डस्टार हस्तलिखित पानाच्या प्रतिमेवर. मजकुरात खुणा ठेवणे, पुढे उडी मारणे, पुन्हा मूळ जागी येणे या क्रिया तेथे कळफलकावरून हात न उचलता करता येत. तेव्हा साधेपणा आणि एकमार्गीपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मराठी लेखकाच्या संदर्भात कोऱ्या पडद्याची आणखी एक मर्यादा उघड होते. रोमन अक्षरांतून उच्चारानुसार टंकन करणाऱ्याला अनेक साधनांमध्ये शब्दागणिक पर्यायांची यादी दिसते आणि त्यातून योग्य रूप निवडावे लागते. पडदा कितीही रिकामा केला तरी हा व्यत्यय टळत नाही, कारण तो लिपी आणि कळफलक यांच्यातील अंतरातून उद्भवतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर हात बसलेल्याच्या वाट्याला तो येत नाही. एकाग्रता येथे पडद्याचा गुण नसून अभ्यासाचे फळ ठरते.

या प्रणालींचे समर्थन करू पाहणाऱ्याला भक्कम आधार सापडतो तो मात्र आपल्याच परंपरेत. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कवीची दिनचर्या सांगितली आहे. काव्यचिंतनाने शिणलेल्या मनासाठी तो निर्जन स्थान किंवा आज्ञेने मूक राहणारे सेवक सुचवतो. दिवसाच्या दुसऱ्या प्रहरी काव्यरचना आणि चौथ्या प्रहरी तिची परीक्षा, असा विभागही तो करतो. कारण रसावेशात रचना करणाऱ्याची दृष्टी विवेचक नसते. निर्मिती आणि परीक्षण यांना अलग ठेवणे म्हणजेच शास्त्रसंमत आहे, असे यावरून कोणी म्हणेल. ते मान्य करावे लागते. पण राजशेखराच्या दिनचर्येत चौथा प्रहर त्याच दिवसाचा भाग आहे. अधिक असेल ते काढणे, उणे असेल ते भरणे, चुकीच्या जागी पडलेले हलवणे, विसरलेले आठवणे ही त्याच्या मते कविकर्माचीच अंगे आहेत. तो उरलासुरला हिशेब नव्हे. कोऱ्या पडद्याच्या प्रणालींनी दुसऱ्या प्रहराची गरज अचूक ओळखली, हे त्यांचे श्रेय. त्या एका प्रहरालाच संपूर्ण लेखन मानले की लेखकाला निवांतपणा मिळतो, आणि ज्या ठिकाणी संहिता घडते ते ठिकाण मात्र त्याच्या नजरेबाहेर जाते.