सामायिक दुर्बीण, बंद कपाट

जयंत नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रातली बनारस आणि केंब्रिज ही नगरे मी पहिल्या वाचनात रमून वाचली. पुण्यातल्या संस्था-उभारणीची हकिगत मात्र भराभर चाळली. पुढे पदवीच्या वर्गाला भौतिकशास्त्र शिकवताना ध्यानात आले, की पुस्तकातला सर्वांत धाडसी प्रयोग तोच आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली पुण्यात आयुका स्थापन केली. नारळीकर तिचे संस्थापक-संचालक. ‘आंतरविद्यापीठ केंद्र’ या रूक्ष नावामागचा विचार सरळ आहे. संपन्न ग्रंथालय, संगणक, दुर्बीण प्रत्येक विद्यापीठाला परवडत नाही. मग ती एका जागी असावीत आणि त्यांवर सर्वांचा हक्क असावा. म्हणूनच तिथल्या ‘असोसिएट’ योजनेत निवडलेला प्राध्यापक आपली नोकरी न सोडता येऊन संशोधन करतो. प्रवासाचा नि राहण्याचा भार केंद्र उचलते. जुन्नरजवळच्या गिरवलीची दोन मीटर व्यासाची दुर्बीणही याच विचारातून आली. बाहेरच्याला पाहुणा न मानता हक्कदार मानणे, हे या केंद्राचे मोठेपण.

माझा आक्षेप त्या प्राध्यापकाच्या परतीच्या वाटेविषयी आहे. मी शिकवत असे त्या महाविद्यालयात ऑसिलोस्कोप कपाटात कुलूपबंद असे. मोडला तर डेडस्टॉक रजिस्टरवर सही असलेल्याच्या गळ्यात भरपाई, हा धाक. तपासणीच्या दिवशी तो पुसून टेबलावर येई. मुलांनी त्याची आकृती वहीत काढली. बटण कुणी फिरवले नाही. त्या सह्यांत एक माझीही होती.

आयुकाच्याच आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी शाळकरी मुलांना कचऱ्यातून खेळणी करायला शिकवले. तिथे मोडण्याचे भय नव्हते. मोडणे हाच शिकण्याचा भाग होता. म्हणजे एका टोकाला संशोधक, दुसऱ्या टोकाला शाळकरी मूल. मधल्या पदवीच्या विद्यार्थ्यासाठी सुट्टीतले उपक्रम आहेत, पण ते मोजक्यांपुरते. बाकीच्यांचे विज्ञान कुलपाआडच राहते.

उपकरण सामायिक करणे म्हणजे केवळ खर्च वाटून घेणे नव्हे. ते हाताळताना होणारी मोडतोडही वाटून घ्यावी लागते. महाविद्यालयांची सामायिक प्रयोगशाळा उभारायची, तर पहिली तरतूद नव्या यंत्रासाठी नको, दुरुस्तीसाठी हवी. नाहीतर कपाट तेवढे मोठे होईल, किल्ली जुन्याच खिशात राहील.