झपाटलेले घर आणि खोटे बोलणारा घरचा माणूस

झपाटलेल्या घराच्या कथेला दोन गोष्टी लागतात. घरातल्या माणसांत काहीतरी धुमसत असावे लागते आणि गोष्ट सांगणाऱ्याचा शब्द प्रमाण मानता येऊ नये. हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मधल्या (१८९८) शिक्षिकेला भुते दिसतात, ती खरोखर आहेत की तिच्या मनात, हे वाचकाला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. त्याच वर्षीच्या रवींद्रनाथांच्या ‘मणिहारा’त दागिन्यांपायी नासलेल्या संसाराची कथा एक शाळामास्तर रंगवून सांगतो. ऐकणारा शेवटी सांगतो की तो नवरा आपणच, बायकोचे नाव मात्र वेगळे होते. एवढ्याने सगळी कथा संशयात सापडते.

मराठी भयकथेचा अलीकडचा लोंढा नेमका उलट दिशेने चालला आहे. डोंबिवली-कल्याणच्या लोकलमध्ये कानाला इयरफोन लावून ऐकल्या जाणाऱ्या यूट्यूबवरच्या कितीतरी भयकथा ‘सत्य घटना’ अशी ग्वाही देऊनच सुरू होतात. अनुभव मामाचा किंवा मित्राचा, वाडा कोकणातला, रात्र अमावस्येची, आणि सांगणारा कधीच चुकत नाही. ज्याला काही लपवायचे नाही, असा निवेदक भयकथेच्या कामाचा नाही. ही ग्वाही म्हणजे या कलेने घेतलेली माघार आहे.

माघारीची मुळे जुनी आहेत. नारायण धारपांनी (१९२५–२००८) मराठी वाचकाला भीतीची गोडी लावली, हे ऋण मोठेच. पण त्यांच्या ‘समर्थ’ या पात्राच्या कथांत दुष्ट शक्ती बाहेरून येते आणि तिचा बंदोबस्त झाला की घर पुन्हा निर्मळ होते. पडद्यावरचा ‘पछाडलेला’ (२००४) हसवून मोकळा होतो. ‘लपाछपी’तला (२०१७) उसाचा फड विसरता येत नाही, पण नायिकेच्या शब्दावर शंका घेण्याची वेळ प्रेक्षकावर फारशी येत नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने २०१६ साली मोठी संधी हाती घेतली होती. घरातले कर्ते अण्णा नाईक गेलेले, मुले वाड्यात जमलेली, मालमत्तेवरून धुसफूस, आणि प्रत्येकाच्या आठवणीतले अण्णा वेगळे. २०१९च्या पूर्वकथेने अण्णांनाच जिवंत पडद्यावर आणले. अण्णा कसे होते याचे उत्तर मिळाले आणि त्याबरोबर भीतीही सरली. ‘तुंबाड’ (२०१८) हिंदी चित्रपट असला तरी त्या मानाने उजवा. तिथली साखळीने बांधलेली आजी घरचीच आहे आणि हस्तर या लोभी देवाची कथा मुलाला सांगणारा बाप स्वतः लुटारू आहे.

मराठीतली खरी झपाटलेली घरे मात्र भयकथेच्या कपाटाबाहेर सापडतात. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’ या नाटकात (१९७७) भूत नाही. वडील वेडे झाले, भाऊ वेडा झाला, आणि विलायतेहून शिकून आलेला बॅरिस्टर स्वतःच्या मनावर पहारा देत त्याच वाड्यात राहतो. भाडेकरू राधाक्काच्या केशवपनाला तो विरोध करतो तेव्हा घरातला सर्वांत शहाणा माणूस तोच असतो. तरी त्याच क्षणी हे शहाणपण किती दिवस टिकणार, या शंकेने प्रेक्षक धास्तावतो. ज्याच्या बाजूने उभे राहावे त्याच्यावरच भरवसा ठेवता येत नाही, याहून मोठी भीती कोणते भूत निर्माण करणार? खानोलकरांच्या ‘कोंडुरा’तही (१९६६) साक्षात्कार झाल्याचे सांगणारा माणूसच अख्ख्या कादंबरीचा प्रश्न होऊन बसतो.

महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) हे नाटक याच रांगेतले. घरातले कर्ते तात्याजी गेले आहेत आणि त्यांची आई, दादी, आपल्या या मुलाची चौकशी करीतच राहते. अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे. रात्री खोलीत वहिनी खानदानी दागिने अंगावर घालते. त्या वेळी वाड्यात मेलेल्यांची सत्ता किती आहे, हे एकाही किंकाळीशिवाय कळते. थोरला भास्कर म्हणतो की घराण्याची अब्रू आपण सांभाळली; मुंबईचा सुधीर म्हणतो की तिकडे आपलीही ओढाताण होते. कोणाचे खरे, हे नाटककार सांगत नाही, म्हणूनच वाडा झपाटलेला राहतो.

सुधीरच्या मुंबईतल्या घराकडे मात्र मराठी भयकथेने पुरते पाहिलेले नाही. रत्नाकर मतकरींनी (१९३८–२०२०) गूढकथा शहरी मध्यमवर्गाच्या मनात आणली. त्यांची ही वाट पुढे ओस पडली. हृषीकेश गुप्ते यांच्या ‘दंशकाल’ने कुटुंब आणि काळोख यांचा धागा समर्थपणे उचलला, पण तेही घर गावातलेच.

शहरी घरांतला वाचक तर इथेच, ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. साहित्य संमेलन २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत भरले. या वाचकाचे घर कथेत का नाही, यावर फ्लॅटमध्ये भुताला जागा कुठली, असे उत्तर दिले जाते. ते चुकीचे आहे. जिथे आईची कॉट हॉलमध्ये, वडिलांचा हार घातलेला फोटो तिच्या डोक्यावर आणि दोन्ही सुनांचा एकच ओटा, तिथे लपायला जागा नसते आणि लपवायला पुष्कळ असते.

पुनर्विकासाने तर ही सामग्री दारात आणून टाकली आहे. जुलै २०१९च्या शासन निर्णयानंतर सोसायटीच्या ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. शेअर सर्टिफिकेटवर वारलेल्या वडिलांचे नाव, नॉमिनी थोरला. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. थोरला सांगतो, बाबांनी घर मलाच दिले. धाकटा सांगतो, दोघांना. आई सांगते की बाबा रात्री येतात आणि सही करू नको म्हणतात. तिघांपैकी खरे कोण बोलते? कल्याण-डोंबिवलीत तर बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ साली दिला. तिथे घराचा कागदच खोटा निघाला.

इतके समोर असताना अमावस्येच्या वाड्यात पुन्हा पुन्हा शिरणे हा आळस आहे. ‘सत्य घटना’ ही पाटी मराठी भयकथेने उतरवावी आणि घरच्या माणसाला खोटे बोलू द्यावे. दळवी आणि एलकुंचवार यांनी घालून दिलेली रीत डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आणणारा लेखकच या कलेला पुढे नेईल.