इतिहासकथनांतील गति : सभासदाचें सिंहगड-प्रकरण

कै. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. तेव्हांपासून आजवर पत्रें, महजर, निवाडपत्रें व शकावल्या यांची जी रास उजेडांत आली आहे, तिच्याबद्दल कोणासहि धन्यता वाटेल. परंतु या साधनांवरून रचलेलीं वृत्तें शेवटपर्यंत वाचवत नाहींत, अशी तक्रार जाणते वाचकहि करूं लागले आहेत. या दोषाचें खापर बहुधा भाषेवर फोडण्यांत येतें. आमच्या मतें दोष गतीचा आहे. लेखकास दहा पत्रें सांपडलीं, कीं तो दहांचाहि सारख्याच विस्तारानें परामर्श घेतो. दाणावैरणीच्या यादीस जितकीं पृष्ठें, तितकींच हल्ल्याच्या रात्रीस. कोठें थांबावें व कोठून झपाट्यानें पुढें जावें, हें शिकण्याची विद्या आहे. आणि ती आपल्या घरच्या ग्रंथांतच शिकतां येते.

उदाहरणार्थ कृष्णाजी अनंत सभासद याची बखर घ्यावी. राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून ती १६९७ सालीं जिंजी येथें लिहिली गेली. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत मोंगलांस दिलेल्या २३ किल्ल्यांत कोंडाणा होता. तो ४ फेब्रुवारी १६७० रोजीं तानाजी मालुसऱ्यानें परत घेतला. हें प्रकरण सभासद किती थोडक्यांत सांगतो पहा. तानाजी कामगिरी पतकरतो, वस्त्रें व विडा घेतो, आणि पांचशें माणसांनिशीं गडाखालीं पोहोंचतो. वाटेची हकीकत नाहीं, मसलतीचीं भाषणें नाहींत. दोन निवडक मावळे कडा चढून जातात तेथें मात्र लेखणी मंदावते. वर जाऊन माळ लावणें, माणसें चढविणें, झुंज, मग तानाजी व उदेभान यांची गांठ, तुटलेली ढाल, आणि ढालीच्या जागीं डाव्या हातावर घेतलेले वार. हीं सर्व अंगें एकामागून एक स्पष्ट दिसतात. दोघेहि पडतात, आणि सूर्याजी लोकांस सांवरून गड घेतो.

याच्या पुढील योजनाच आम्हांस सर्वांत मार्मिक वाटते. गडावर पागेचीं घरें पेटवितात. तो उजेड राजगडावरून दिसतो, व गड घेतला असें महाराज ओळखतात. तानाजी पडल्याची खबर जासूद दुसरे दिवशीं आणतो. म्हणजे जें वाचकास ठाऊक झालें आहे, तें महाराजांस एक रात्रभर ठाऊक नाहीं. या अंतरांत सभासद एक शब्दहि शोकाचा घालीत नाहीं. तरी महाराजांचा आनंद वाचतांना वाचकाचें मन भरून येतें. हा परिणाम वर्णनानें साधला नसून केवळ क्रमानें व विलंबानें साधला आहे.

आतां तुळशीदास शाहिराचा पोवाडा पहा. अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या संग्रहांत तो आहे. तेथें रायबाच्या लग्नाचा थाट आहे, शेलारमामा आहे, कड्यास चिकटणारी घोरपड आहे. यांपैकीं सभासदांत कांहींहि नाहीं. गडावर पोहोंचण्यापूर्वींच श्रोता बराच काळ खिळून राहतो. शाहिराचें तें कामच आहे, व तें त्यानें उत्तम केलें आहे. त्यास कोणी दोष देऊं नये. दोष तेव्हां घडतो, जेव्हां इतिहासलेखक शाहिराची गति उचलतो आणि तिच्याबरोबर लग्न व घोरपडहि उचलतो.

धनंजयानें दशरूपकांत वस्तूचे दोन भाग केले आहेत. जें नीरस किंवा अनुचित तें सूच्य; तें विष्कंभक, प्रवेशक इत्यादि पांच अर्थोपक्षेपकांनीं कळवून मोकळें व्हावें. जें उदात्त व रसभावयुक्त तें दृश्य; तें रंगावर आणावें. आनंदवर्धनानेंहि अवेळीं केलेला विस्तार व अवेळीं केलेला विच्छेद या दोहोंची गणना रसभंगाच्या कारणांत केली आहे. नाटककारास एवढें पुरे. इतिहासकारास दुसरीहि एक कसोटी लावावी लागते, ती प्रमाणाची. प्रसंग कितीहि उदात्त असो, त्यास आधार नसेल तर तो सूच्यच ठेविला पाहिजे. कारण लेखक जेथें थांबतो, तेथें ‘हें मला पक्कें ठाऊक आहे’ असेंच तो न बोलतां वाचकास सांगत असतो. पुराव्यावांचून थांबणें ही एक प्रकारची खोटी साक्ष होय.

सभासदहि या कसोटींतून सुटत नाहीं. प्रसंगानंतर २७ वर्षांनीं तो लिहीत होता, आणि ढाल तुटल्याचें त्यास कोणी सांगितलें हें तो नमूद करीत नाहीं. म्हणून त्याची रचना अनुकरणीय मानावी. तपशील मात्र पारखून घ्यावा. तानाजीच्या मरणावरून गडास सिंहगड हें नांव पडलें, या लोकप्रिय समजुतीचें असेंच आहे. ती कथेचा शेवट मोठा गोड करते. परंतु १६६३ च्या पत्रांतच सिंहगड हें नांव आढळतें. गोड शेवटासाठीं थांबलेला लेखक येथें फसतो.

पोथ्या जमविणारांसहि यांत कांहीं घेण्याजोगें आहे. एकाच बखरीच्या दोन प्रती ताडून पाहतांना, एकींत कथा जेथें एकाएकीं संथ होते, भाषणें लांबतात, उपमा वाढतात, तेथें खूण करून ठेवावी. तेवढ्यावरून प्रक्षेप ठरत नाहीं. पण शोध कोठून सुरू करावा हें ठरतें.

आमच्या तरुण अभ्यासकांनीं लेख छापावयास देण्यापूर्वीं प्रत्येक प्रकरणास दोन प्रश्न विचारावे : येथें थांबण्याजोगें कांहीं घडलें काय, आणि तें घडल्याचा कागद हातीं आहे काय? दोहोंचें उत्तर होकारार्थी असेल तेथें खुशाल पृष्ठें खर्चावीं. पहिल्याचेंच असेल तर एका वाक्यांत सांगावें. दुसऱ्याचेंच असेल तर तो कागद परिशिष्टांत द्यावा; तेथें तो शोधकाच्या उपयोगीं पडेल, आणि वाचकाची वाट अडणार नाहीं.